‘वाचकाचे काय जाते?’ : एका सोयीस्कर युक्तिवादाचे खंडन

नागपुरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांच्या निकालाची वाट पाहून थकलेले पदवीधर, सेवानिवृत्त कारकून आणि घरचे सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गृहिणी यांपैकी जे कोणी ॲफिलिएट संकेतस्थळ, म्हणजे इतरांच्या वस्तू सुचवून त्यांच्या विक्रीवर कमिशन मिळविणारे संकेतस्थळ, काढण्याच्या विचारात असतात, त्यांचे प्रारंभीचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. डोमेन कोणत्या नावाने घ्यावे, होस्टिंग कोणाचे घ्यावे, कोणत्या कंपनीची योजना अधिक टक्के देते, किती लेख लिहिले म्हणजे पहिली रक्कम खात्यात जमा होते, लेख मराठीत लिहावेत की इंग्रजीत, जीएसटीची नोंदणी लागते काय, असे ते प्रश्न. ते विचारणाऱ्यांना हसण्याचे काही कारण नाही. ज्याच्यापाशी भांडवल नाही, दुकानाची जागा नाही आणि धंद्यातल्या माणसांची ओळखपाळखही नाही, त्याने पाऊल टाकण्यापूर्वी खर्चाचा व प्राप्तीचा अदमास घ्यावा हे शहाणपणाचेच आहे. परंतु या सर्व प्रश्नांच्या शेवटी, आवाज थोडा खाली आणून, आणखी एक प्रश्न विचारला जातो, आणि माझ्या मते सर्वांत आधी विचारावयास हवा होता तो हाच : आपल्याला कमिशन मिळते हे वाचकाला सांगावे लागते काय?

या प्रश्नाला नवोदितांचे मार्गदर्शक म्हणविणारी मंडळी जे उत्तर देतात, त्याच्या प्रतिवादासाठी हा लेख आहे. ते उत्तर असे : सांगण्याची काही गरज नाही, कारण वाचकाचे काय जाते? त्याला वस्तू पडते त्याच किमतीला. कमिशन देते ती कंपनी, आणि तेही आपल्या नफ्यातून. वर ते सांगितलेच तर वाचक बिचकतो, दुव्यावर बोट ठेवीत नाही आणि लेखकाचे श्रम वाया जातात. ऐकताना हा युक्तिवाद इतका सरळ वाटतो की प्रामाणिक माणसेही तो निःशंकपणे स्वीकारतात. म्हणूनच त्याची तपासणी पूर्वपक्षाला त्याचे सर्व बळ देऊन केली पाहिजे.

प्रथम व्यवहाराचे स्वरूप पाहू. १९९४ साली सीडीनाऊ या संगीताच्या तबकड्या विकणाऱ्या अमेरिकन दुकानाने आणि पुढे जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने, त्या वेळी केवळ पुस्तके विकीत असताना, ही पद्धत रूढ केली. ॲमेझॉनची भारतातील विक्री जून २०१३ पासूनची; तेव्हापासून आपल्याकडेही तिचा विस्तार झाला. संकेतस्थळाच्या मालकाला कंपनी एक सांकेतिक खूण देते. ती खूण असलेला दुवा लेखात घातला, वाचक त्यावरून कंपनीच्या दुकानात गेला, की त्याच्या यंत्रात कुकी नावाची नोंद बसते आणि त्या नोंदीच्या मुदतीत त्याने जे विकत घेतले त्यावर ठराविक टक्के मालकाच्या नावे जमा होतात. ॲमेझॉनच्या योजनेत ही मुदत सर्वसाधारणपणे २४ तासांची आहे. नव्या सभासदाने १८० दिवसांत निदान ३ विक्री घडवून आणाव्यात, अन्यथा त्याचे खाते बंद होते, आणि स्वतःच्याच दुव्यावरून स्वतःसाठी केलेली खरेदी हिशेबात धरली जात नाही. वाचकाला जादा किंमत पडत नाही हे विधान यांपैकी कोणत्याही टप्प्यावर खोटे ठरत नाही. कमिशन हा विक्रेत्याचा खर्च असल्यामुळे तो अखेरीस किमतीतच शिरतो आणि दुव्यावरून न आलेले गिऱ्हाईकही तो भरते, असे म्हणता येईल. पण त्या मुद्द्यावर मी माझा पक्ष उभारीत नाही. किंमत तीच राहते हे मी पूर्णतः मान्य करतो.

मान्य करूनही ‘वाचकाचे काय जाते?’ या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे येत नाही, कारण वाचक त्या लेखाकडे किंमत विचारण्यासाठी आलेलाच नसतो. किंमत त्याला दुकानातच दिसते. तो आलेला असतो तो निवड करण्यासाठी, आणि निवड करण्याचे काम घटकाभर दुसऱ्यावर सोपवून. त्याचे नुकसान व्हायचे ते त्या निवडीत होते.

आपल्या नागपूरचेच उदाहरण घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या शहरात कूलर ही चैन नाही, आणि ‘सर्वोत्तम १० कूलर’ या मथळ्याचा लेख लिहून कमिशन मिळवावे असे येथील नवोदिताला सुचावे हे स्वाभाविक आहे. आता कूलरविषयी खरे ज्ञान असलेला नागपूरकर काय सांगेल? तो सांगेल की कूलर हवा गार करतो तो पाण्याच्या बाष्पीभवनाने, आणि बाष्पीभवन होते ते हवा कोरडी असेल तर. म्हणून विदर्भाच्या वैशाखात जे यंत्र खोलीला जीवदान देते तेच रत्नागिरीच्या दमट हवेत अंग अधिकच चिकट करून सोडते, आणि येथेही पावसाळा सुरू झाला की त्याचा उपयोग संपतो. तो सांगेल की बंद खोलीत कूलर लावू नये, समोरची खिडकी उघडी असावी. तो हेही सांगेल की येथील कारागिरांनी बांधलेला पत्र्याचा कूलर, मोठ्या पंख्याचा, वाळ्याच्या किंवा वूडवूलच्या ताट्यांचा, दरवर्षी ताट्या बदलून आणि मोटर दुरुस्त करून वर्षानुवर्षे चालतो, आणि मोठ्या खोलीला घरपोच येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीपेक्षा तो पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो.

यांतील कोणते वाक्य कमिशनवर चालणाऱ्या लेखात टिकेल? रत्नागिरीच्या गृहिणीला ‘घेऊ नका’ म्हणण्याचे कमिशन कोणी देत नाही. पत्र्याच्या कूलरला दुवा नाही, कारण कारागिराची कोठलीही योजना नाही. म्हणून दहांच्या यादीत तो अकरावासुद्धा येत नाही. उरलेल्या दहांचा क्रम लावताना, एकावर अधिक टक्के व दुसऱ्यावर कमी टक्के असतील, तर लेखकाचे मन कोणीकडे झुकेल हे सांगावयास मानसशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. लेखकाने एकही खोटे वाक्य लिहिले नसेल. प्रत्येक कूलरच्या टाकीचे माप, पंख्याचा वेग, विजेचा खर्च हे सारे बिनचूक दिले असेल. तरीही काय गाळले गेले आणि काय वर चढले हे एका अदृश्य कारणाने ठरले, आणि ते कारण ज्याच्यापासून लपविले गेले त्याचेच पैसे खर्च झाले. किंमत तीच होती, हे त्या गृहिणीला सांगून पाहा.

कमिशनचा व्यवसाय विदर्भाला नवा नाही, आणि त्याच्या गुप्ततेचे परिणामही नवे नाहीत. कापसाच्या व धान्याच्या बाजारात शेतकऱ्याचा माल अडत्यामार्फत विकला जाई. भाव ठरे तो पुष्कळ ठिकाणी रुमालाखाली, दलाल व खरेदीदार यांच्या बोटांच्या खुणांनी, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा असूनही त्या व्यवहाराला परका असे. लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात कापूसबाजारांचा विचार करताना जे निरीक्षण नोंदविले आहे, ते आजच्या संकेतस्थळांच्या मालकांनी लिहून ठेवण्याजोगे आहे. दलालाचा ओढा खरेदीदाराकडे असतो, कारण खरेदीदाराशी त्याचा रोजचा संबंध येतो, आणि शेतकरी त्याला क्वचितच भेटतो, असा त्याचा आशय आहे. येथे दलालाच्या नीतिमत्तेवर ठपका ठेवलेला नाही. त्याच्या परिस्थितीचे वर्णन केलेले आहे. संकेतस्थळाच्या मालकाचीही परिस्थिती तीच आहे. कंपनीचा हिशेब तो रोज उघडून पाहतो, कंपनीचे दर बदलले की त्याची झोप उडते. वाचक मात्र एकदा येतो, वाचतो, घेतो आणि निघून जातो, त्याचे नावही मालकाला कळत नाही. अशा माणसाचा कल कोणीकडे जाईल याविषयी तो स्वतः कितीही शपथा घेवो, ज्याचे हित पणाला लागले आहे त्याला तो कल तोलून पाहण्याची संधी मिळालीच पाहिजे.

अडतीच्या या गुप्ततेवर वऱ्हाडाने या अहवालाच्याही आधीपासून काय उपाय केला? १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला, आणि या परंपरेचाच विस्तार पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यात झाला. या सर्व नियमनाने अडत बुडविली नाही. अडत्याला परवाना घ्यावा लागला, त्याच्या अडतीचा दर ठरला, रुमालाच्या जागी उघड लिलाव आला, आणि तोलाई, हमाली, अडत यांची वजावट हिशेबपट्टीवर ओळीने दिसू लागली. आजही नागपुरातील कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा लिलाव चार माणसांच्या देखत पुकारला जातो. या बाजारांत गैरप्रकार शिल्लक नाहीत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. अडत कोणी द्यावी या प्रश्नावर तर जुलै २०१६ मध्ये, राज्य सरकारने फळे व भाजीपाला नियमनमुक्त करून अडतीचा बोजा शेतकऱ्यावरून काढला तेव्हा, मोठा संघर्ष झाला आणि व्यापाऱ्यांनी व्यवहार बंद ठेवले. पण त्या संघर्षातही अडत मुळात लपवून ठेवावी अशी मागणी कोणी केली नाही. जो दंडक आपण हमाल-मापाड्यांच्या बाजारास एका शतकापूर्वी लागू केला, तो सुशिक्षितांच्या नव्या बाजारास जाचक वाटावा, हे मला उमगत नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तरी ‘त्याच्या खिशातून गेले नाही’ हा बचाव फार पूर्वीच निकालात निघालेला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या २१५ व्या कलमाखाली एक उदाहरण दिलेले आहे. एका गृहस्थाने आपली मिळकत विकण्याचे काम मुखत्याराकडे सोपविले. मुखत्याराला पाहणी करताना तीत खाण असल्याचे आढळले. त्याने ती गोष्ट दडवून मिळकत आपणच घेतो असे मालकास सांगितले, व मालकाने संमती दिली. मालक ती मिळकत विकणारच होता, तेव्हा त्याचे काय गेले, असा प्रश्न कायदा विचारीत नाही. संमती अज्ञानात दिली गेली एवढे पुरेसे धरून, व्यवहार मोडावा की ठेवावा हे ठरविण्याचा अधिकार तो मालकाला देतो. आणि पुढचे २१६ वे कलम सांगते की मालकाच्या नकळत मुखत्याराने त्या कामात स्वतःच्या नावे व्यवहार केला असेल, तर त्यातून झालेला लाभ मालकाला मागता येतो. संकेतस्थळाचा लेखक वाचकाचा कायदेशीर मुखत्यार नसतो, हे मला ठाऊक आहे. वकीलपत्र कोणी कोणाला दिलेले नसते. परंतु ‘मी तुमच्यासाठी दहा वस्तू पारखल्या, त्यांत ही उत्तम’ असे जो लिहितो तो मुखत्याराची भूमिका आपण होऊन पत्करतो, आणि भूमिका पत्करून तिचे कर्तव्य तेवढे नाकारणे यास सभ्य भाषेत समर्थन सापडणे कठीण आहे.

आता दुसऱ्या युक्तिवादाकडे, म्हणजे सांगितले तर वाचक बिचकतो या म्हणण्याकडे वळू. मला हा युक्तिवाद पहिल्यापेक्षा अधिक उपयुक्त वाटतो, कारण तो पहिल्याचा गळा स्वतःच दाबतो. कमिशनची माहिती मिळाल्याने वाचकाचा निर्णय बदलत असेल, तर ती माहिती त्याच्या निर्णयाला आवश्यक होती, हे सिद्ध झाले. मग ‘सांगण्याची गरज नाही’ हे म्हणणे कोसळते. आणि तिच्यामुळे निर्णय बदलत नसेल, तर ती लपविण्यात लेखकाचा काही लाभ नाही. मग ‘सांगितले तर नुकसान होते’ हे म्हणणे कोसळते. नैयायिक ज्याला उभयतःपाश म्हणतात तो हाच. दोन्ही विधाने एका श्वासात करणाऱ्या मार्गदर्शकाने यांपैकी कोणते मागे घ्यावयाचे ते प्रथम ठरवावे. माझी खात्री आहे की तो पहिलेच मागे घेईल, कारण दुसरे त्याच्या उत्पन्नाशी निगडित आहे.

येथे एक वस्तुस्थिती नमूद केल्यावाचून राहवत नाही. सप्टेंबर २०१९ पासून गूगलने अशा मोबदल्याच्या दुव्यांना ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण लावण्याची सोय केली आहे. ती पानाच्या अंतर्गत मांडणीत असते, वाचणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला मात्र समजते. ‘वाचकाला सांगू नका’ असे शिकविणारे कित्येक मार्गदर्शक ही खूण मात्र न विसरता लावा असे बजावतात, कारण ती न लावल्यास गूगलची अवकृपा होईल. म्हणजे हा दुवा पैशाचा आहे ही गोष्ट यंत्राला प्रामाणिकपणे कळवावयाची, आणि जो माणूस त्या दुव्यावर विश्वासाने बोट ठेवणार आहे त्याच्यापासूनच ती राखून ठेवावयाची! सत्य सांगण्याची शक्ती या मंडळींच्या अंगी आहे हे यावरून दिसते. सत्य कोणाला सांगावे याची त्यांची निवड तेवढी मला अत्यंत गर्हणीय वाटते.

सगळेच असे करतात, हे तिसरे समर्थन फार वेळ देण्याच्या योग्यतेचे नाही. शिवाय आता तो केवळ सचोटीचा प्रश्न राहिलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी भ्रामक जाहिराती व शिफारशी यांसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी सुबोध सूचनाही प्रसिद्ध केल्या. शिफारस करणारा व विक्रेता यांच्यामध्ये आर्थिक संबंध असेल तर तो ठळकपणे, नजरेतून सुटणार नाही अशा रीतीने उघड करावा, हा त्यांचा गाभा आहे. भ्रामक जाहिरातीबद्दल शिफारस करणाऱ्यालाही पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत व पुढे ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तसेच शिफारशी करण्यास त्याला काही काळ मनाई होऊ शकते. २०२२ च्या तत्त्वांतील एक तरतूद मराठीत लिहिणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी : जाहिरातीतील खुलासा हा दाव्याच्याच भाषेत असला पाहिजे. आपल्याकडे सर्रास आढळते ते असे की संपूर्ण लेख मराठीत, आर्जवी व घरगुती मराठीत, आणि पानाच्या तळाशी फिक्या अक्षरांत कंपनीने पुरविलेले एक इंग्रजी वाक्य. ज्या आजोबांसाठी रक्तदाब मोजण्याचे यंत्र सुचविले, त्यांना ते वाक्य वाचताच येऊ नये अशीच ही व्यवस्था असते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना करून ज्या महाराष्ट्रात ग्राहकाला संघटित केले, तेथे ग्राहकाच्याच भाषेत त्याला अंधारात ठेवले जावे याची मला खंत वाटते.

माझ्या या म्हणण्याचा विपर्यास होण्याचा संभव आहे, आणि तो दुसऱ्या टोकाकडून. कमिशन घेऊन केलेली शिफारस ही मुळातच विकली गेलेली असते, सबब हा उद्योगच सज्जनाने करू नये, असे म्हणणारे सोवळे लोकही आहेत. ते गांधीजींचा दाखला देतील. गांधीजींनी ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ ही पत्रे जाहिरातींविना चालविली हे खरे, आणि त्या निर्धारापुढे मी नतमस्तक आहे. पण ती पत्रे वर्गणीदारांच्या बळावर उभी होती, आणि त्यांचे काम वस्तूंची पारख करण्याचे नव्हते. कोणता पाणीशुद्धीकरण संच आपल्या विहिरीच्या पाण्याला योग्य, कोणते शिलाई यंत्र घरकामाला पुरे, कोणता फवारणी पंप संत्र्याच्या बागेत टिकतो, हे अनुभवाने सांगणारे लेखन मराठीत फार थोडे आहे. ते करणाऱ्याने वेळ व पैसा घालावा आणि मोबदला मात्र घेऊ नये, अशी अपेक्षा ठेवणारा स्वतः वर्गणी भरावयास तयार असतो काय? काटोल-वरुडकडच्या एखाद्या बागाईतदाराच्या मुलाने स्वतः वापरलेल्या पंपाविषयी लिहावे, त्याचे दोष सांगावेत, आणि त्या दुव्यावरून विक्री झाली तर उघडपणे कमिशन घ्यावे, यात मला कसलाही कमीपणा दिसत नाही. श्रमाचा मोबदला घेणाऱ्याने तो कोणाकडून घेतला हे सांगावे, एवढीच माझी मागणी आहे.

आणि ही मागणी ज्यांना नवोदितांवर अन्याय करणारी वाटते, त्यांना मला नवोदिताच्याच वतीने काही सांगावयाचे आहे. या लपवाछपवीचा पहिला बळी बहुतेक वेळा नवोदितच असतो. आरंभी उल्लेखिलेल्या प्रश्नांपैकी ‘होस्टिंग कोणाचे घ्यावे?’ हा प्रश्न आठवा. तो ज्याला विचारला जातो तो मार्गदर्शक एका कंपनीचे नाव तत्काळ सांगतो, दुवा पाठवितो, आणि ‘तीन वर्षांचे एकदम घ्या, स्वस्त पडते’ असा प्रेमाचा सल्लाही देतो. होस्टिंगच्या विक्रीवरील कमिशन हे साध्या घरगुती वस्तूंवरील कमिशनापेक्षा पुष्कळच मोठे असते, आणि दीर्घ मुदतीच्या खरेदीवर बहुधा अधिक, ही गोष्ट त्या सल्ल्यात नसते. पहिला लेखही लिहून न झालेल्या विद्यार्थ्याने तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरावेत यात हित कोणाचे होते? चार महिन्यांत कंटाळून संकेतस्थळ सोडून देणारे कितीतरी असतात. त्यांचे पैसे गेले, आणि मार्गदर्शकाची प्राप्ती मात्र पहिल्याच दिवशी झाली. किंमत इथेही तीच होती. म्हणून ‘वाचकाचे काय जाते?’ असे जो नवोदिताला शिकवितो, त्याला नवोदिताने उलट विचारावे की आपण मला दिलेल्या दुव्यांपैकी किती मोबदल्याचे होते, आणि आपण सुचविलेल्या अभ्यासक्रमावर आपल्याला काय मिळाले. त्या क्षणी नवोदिताला जी अस्वस्थता वाटेल, ती त्याच्या प्रत्येक भावी वाचकाचीही आहे.

सचोटीने अखेर फायदाच होतो, असे आश्वासन देऊन मी कोणाला भुलवू इच्छीत नाही; लपविणारे कित्येक जण पैसे मिळवितात, आणि लपविणे तरीही अयोग्यच असते. तथापि ज्यांना केवळ व्यवहाराची भाषा कळते त्यांच्यासाठी एक हिशेब मांडतो. एप्रिल २०२० मध्ये, सारे जग टाळेबंदीत असताना, ॲमेझॉनने अमेरिकेतील आपल्या योजनेत फर्निचर व गृहसुधारणेच्या वस्तूंवरील कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणि किराण्यावरील ५ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आणले. ज्यांनी वर्षानुवर्षे त्या एकाच आधारावर घर चालविले होते त्यांना दाद मागण्यास जागा नव्हती, कारण करारनाम्यानुसार दर ठरविण्याचा अधिकार कंपनीचाच. एप्रिल २०२१ मध्ये गूगलने वस्तूंच्या परीक्षणांसाठी निकष कडक केले आणि स्वतः हाताळून न पाहता विक्रेत्याचेच वर्णन फिरवून लिहिणाऱ्यांची पाने मागे लोटण्याचे धोरण स्वीकारले. मार्च २०२४ मध्ये केवळ शोधयंत्रासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या लेखनाविरुद्ध आणखी नियम केले. दर कंपनीच्या हाती, क्रमांक गूगलच्या हाती. लेखकाच्या स्वतःच्या मालकीचे असे या सगळ्या उद्योगात एकच राहते, ते म्हणजे पुन्हा येणारा वाचक. आणि मार्गदर्शक लेखकाला प्रथम त्या वाचकाचाच विश्वास गहाण टाकण्याचा सल्ला देतात.

नवोदिताने मग काय करावे? ज्या वस्तू आपण वापरल्या त्यांविषयीच लिहावे. वापरलेल्या नसतील तर तसे सांगावे. लेखांची संख्या मोजीत बसू नये. पहिल्या वर्षात होस्टिंगचा खर्च निघाला तरी पुष्कळ झाले असे मानून नोकरी वा शिक्षण सोडू नये. जमाखर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण ही प्राप्ती करपात्र आहे. ज्या वस्तूला दुवा नाही पण जी खरोखर चांगली आहे, तिचे नाव यादीत घ्यावे, मग ती पत्र्याच्या कूलरसारखी शेजारच्या गल्लीत बांधून मिळणारी का असेना. आणि प्रत्येक लेखाच्या आरंभी, मजकुराच्याच आकाराच्या अक्षरांत, शुद्ध मराठीत दोन वाक्ये लिहावीत. पहिले : ‘या लेखातील दुव्यांवरून आपण काही विकत घेतल्यास विक्रेत्याकडून मला कमिशन मिळते, त्यामुळे आपल्याला जादा किंमत पडत नाही.’ दुसरे : ‘मी पहिल्या क्रमांकावर ठेवलेल्या वस्तूवर मला मिळणारे कमिशन इतरांपेक्षा अधिक आहे’, अथवा ‘कमी आहे’, जे खरे असेल ते. पहिले वाक्य लिहिणे सोपे आहे. दुसरे लिहिताना हात अडखळला, तर लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी वस्तूंचा क्रम आपण कशाच्या आधारे लावला हे पुन्हा एकदा तपासून पाहावे.